पाठीच्या आठ फळ्या

सिल्व्हन स्कीट एखाद्या खुर्चीकडे पाहून "अठराशे तीस" म्हणाला, की ती काळ्या दगडावरची रेघ. स्पाइट्सटाऊनपासून थेट बेटाच्या दक्षिण टोकापर्यंत जुनं लाकूडसामान घेणाऱ्या-विकणाऱ्या कुणाचीही गेल्या चाळीस वर्षांत त्या रेघेवर बोट ठेवायची हिंमत झाली नव्हती. आता ती वेळ त्याच्या पोटच्या मुलीवर आली होती, आणि तीही मेरिट्स होप मळ्यावरच्या दिवाणखान्यात, सहा हमालांच्या देखत.

शनिवारी तिथे लिलाव होता. मिसेस पिल्ग्रिम ऊसमळा विकून मुलाकडे कॅनडाला चालल्या होत्या आणि घरातली काडी न् काडी निघणार होती. प्रत्येक वस्तूचं वय आणि किंमत ठरवायचं काम अर्थातच स्कीटांकडे. यादी छापूनसुद्धा झाली होती. पहिलीच ओळ होती: 'महॉगनीचं मोठं कपाट, इंग्लिश, सुमारे १७९०, अंदाजे नऊ हजार डॉलर.' त्या एका ओळीसाठी लंडनचा एक व्यापारी विमानानं येऊन किनाऱ्यावरच्या हॉटेलात उतरला होता.

गुरुवारी दुपारी ते कपाट व्हरांड्यात न्यायला म्हणून भिंतीपासून सरकवलं. तीन पिढ्यांत ते कुणी हलवलं नव्हतं. खुद्द सिल्व्हननंही फटीतून हात घालून, बॅटरी मारून पाठ पाहिली होती. पाठ पाईनची. झालं. महॉगनी आपल्या बेटांवर मुबलक, पाईन आपल्याकडे उगवत नाही, तेव्हा पाठ पाईनची तर माल जहाजातून आलेला, आणि पाठ सीडरची तर इथला. हा नियम त्यानं मुलीला, मार्वाला, ती नऊ वर्षांची असताना शिकवला होता. आता ती सदतिसाची होती आणि दुकानातलं दुरुस्तीचं सगळं काम तीच करत होती.

मार्वा कपाटामागे उकिडवी बसली. वाळवी लागली आहे का, एवढंच तिला बघायचं होतं. वाळवी नव्हती. पण फळ्या राखाडी पडल्या होत्या. घरात, अंधारात भिंतीला टेकून राहिलेली फळी तपकिरी होते. राखाडी होते ती उन्हापावसात राहिलेली. त्यावर पिवळ्या रंगाचे पापुद्रे होते. दीड-दीड फुटावर खिळ्यांची रिकामी भोकं होती, आणि त्या भोकांचं या कपाटात काहीच काम नव्हतं. मग तिनं बॅटरी खाली, अगदी फळ्यांच्या बुडाशी नेली आणि तिथेच धरून ठेवली.

प्रत्येक फळीच्या बुडाशी चाकूनं कोरलेला माशाचा काटा होता. मधे एक कणा आणि त्याला आडवे काटे. पहिल्या फळीवर सात काटे, पुढच्या फळीवर आठ, मग नऊ. शेवटच्या, आठव्या फळीवर चौदा.

लहानपणी डॉर्कस आत्याच्या घरी, मागच्या पडवीत, दुपारी झोप येत नसली की मार्वा भिंतीवरचे असेच काटे मोजत पडायची.

"बाबा, जरा इकडे या."

सिल्व्हन आला. अडुसष्टाव्या वर्षीही तो गुडघ्यावर हात न टेकवता खाली बसायचा आणि चार लोकांनी ते पाहावं अशी त्याची इच्छा असायची. त्यानं काटे एकेक करून पाहिले.

"पाठ नंतर बसवली असेल," तो शेवटी म्हणाला. "लग्न लावलेलं कपाट. अंग एकाचं, पाठ दुसऱ्याची."

"खाच एकच आहे, बाबा. बाजूच्या फळ्या घडवतानाच पाठीसाठी खाच पाडलीय. दुसरी पाठ कधी नव्हतीच. आणि बिजागरीचे स्क्रू काढून बघितलेत तुम्ही?"

"बिजागऱ्या बदलल्यात."

"नाही बदलल्या. मी आत्ताच एक काढून बघितली, खाली जुन्या बिजागरीचा डागच नाही. स्क्रूला टोक आहे. सतराशे नव्वदचा स्क्रू बोथट असतो, हे मला कुणी शिकवलं?"

हमाल एकदम छताकडे बघू लागले. सिल्व्हन उठला, टोपी डोक्यावर घातली. "यादी छापलीय," एवढंच म्हणून तो निघाला. पण निघण्याआधी त्याचा तळहात त्या पाईनच्या फळीवर पडला होता आणि नको इतका वेळ तिथेच राहिला होता, हे मार्वानं बघितलं.

*

शुक्रवारी दुपारी डॉर्कस आत्याकडे सगळे जेवायला जमले. शुक्रवार म्हणजे मक्याच्या पिठात भेंडी घालून घोटलेलं कूकू आणि वर उडत्या माशांचं कालवण. त्यात जगबुडी आली तरी बदल नाही. पण मार्वाचा भाऊ एलरिक ताटातलं नुसतं चिवडत होता. दुकानाचे व्यवहार तो बघायचा. लंडनच्या व्यापाऱ्यानं त्याला परवाच शब्द दिला होता: हे कपाट छापल्याप्रमाणे निघालं, तर यापुढे या बेटावरची आपली सगळी खरेदी स्कीटांच्या हातून होईल. दहा वर्षांत असा माणूस दारात आला नव्हता. आणि ही मार्वा खिशातून खाकी कागद काढून ताटांमध्ये पसरत होती. फळ्यांवर कागद ठेवून, पेन्सिल घासून तिनं आठही काटे उतरवून आणले होते.

"माशावर मासे," आत्या म्हणाली. "काढ ते. कालवण सांडेल."

"आत्या, नीट बघ. तुझ्या जोसाया आजोबाचे काटे आहेत हे."

चौऱ्याहत्तर वर्षांच्या डॉर्कस आत्यासमोर जोसायाचं नाव काढायचं नसतं, हे स्कीटांच्या घरात पाळण्यातल्या पोरालाही कळायचं. तो तिचा आणि सिल्व्हनचा आजोबा. मेरिट्स होपवरचा सुतार. त्याच्याबद्दल अख्ख्या गावाला एकच गोष्ट माहीत होती: तो घराची भिंत प्यायला. मजुराच्या पायाखालची जमीन मळेवाल्याची. दगडांवर टेकवलेलं लाकडी घर तेवढं त्याचं. मालकानं हाकललं की एका दिवसात घर सुटं करायचं, गाडीत घालायचं आणि दुसरीकडे उभं करायचं. म्हणून तर प्रत्येक फळीवर नंबर. जोसायाला अक्षरओळख नव्हती, त्यानं माशाचे काटे केले. आणि असल्या घराची, आता आत्या राहत होती त्याच घराची, मागची भिंत काढून त्यानं रमसाठी विकली, एक अख्खा पावसाळा बायकापोरांनी पोत्यांच्या आडोशाला काढला. शाळेत डॉर्कसला पोरी विचारायच्या, "तुझ्या आजोबानं यंदा छप्पर प्यायलं की नाही?"

"त्या दारुड्याचं काय काढलंस मधेच?" आत्या म्हणाली.

मार्वानं सगळं सांगितलं. आत्यानं ऐकलं आणि सरळ एलरिककडे वळली.

"तुझं काय म्हणणं?"

"झाकली मूठ सव्वा लाखाची, आत्या. माझं एवढंच म्हणणं. बाबांनी सतराशे नव्वद म्हटलंय. आता उठून सांगायचं, की चुकलं, आणि शंभर वर्षांनी चुकलं? उद्या आपण खुर्चीला खुर्ची म्हटलं तरी लोक खात्री करायला येतील."

"बरोबर बोलतोय पोरगा," आत्या म्हणाली. "भर बाजारात त्याचं नाव वाचायचं, आणि मागच्या बाकावरून कुणीतरी 'भिंत' म्हणून ओरडायचं. मी मेल्यावर करा हे. फार दिवस नाही लागायचे."

दोन विरुद्ध एक. एलरिकला जरा बरं वाटलं, त्यानं माशाचा तुकडा तोंडात टाकला. सिल्व्हन ताटात बोट फिरवत बसला होता. तो कुणाच्याच बाजूनं बोलेना, आणि हेच एलरिकला टोचत होतं.

"आत्या," मार्वा म्हणाली, "कुठल्या फळ्या गेल्या होत्या भिंतीच्या?"

"मी काय मोजत बसले होते? त्या पडवीत माझ्या जन्माआधीपासून दुसऱ्या फळ्या आहेत."

"मग आत्ता मोजू या."

"एलरिकला मोजू दे," आत्या फणकारली. "तुला जे हवं तेच दिसायचं."

एलरिक उठला. मनातून त्याला खात्री होती की काही जुळणार नाही. मागच्या पडवीत पिठाचा डबा बाजूला केला, कोळसे भरलेलं पोतं ओढलं आणि तो गुडघ्यावर बसला. सिल्व्हन दारात उभा होता, त्याच्या खांद्यावरून आत्या डोकावत होती. डावीकडून एक काटा, दोन, तीन. सहा काट्यांपर्यंत सरळ गेलं. मग आठ फळ्या अगदी कोऱ्या, रुंदीला वेगळ्या, पाचरी मारून बसवलेल्या. एलरिकनं पुढच्या फळीवर अंगठा फिरवला. धूळ निघाली. त्यानं मोजलं. पुन्हा मोजलं.

"किती?" आत्यानं विचारलं.

"पंधरा," तो म्हणाला.

सात ते चौदा मेरिट्स होपच्या दिवाणखान्यात होत्या. विकल्या नव्हत्या. कुणी विकत घेतल्याच नव्हत्या.

"कोणत्या वर्षी गेली भिंत?" सिल्व्हननं दारातून विचारलं. "ताई, आई काय सांगायची?"

"आपले बाबा पाच वर्षांचे होते तेव्हा." आत्यानं दाराची चौकट धरली. "अठराशे शहाऐंशी. मळ्यावर थोरल्या मुलीचं लग्न होतं त्या वर्षी. आई सांगायची, लग्नाची मेजवानी तिकडे आणि पोत्यातून पाणी इकडे."

"लग्नाचं कपाट," मार्वा म्हणाली. "मळ्यानं महॉगनी दिली असेल. पाठीला लाकूड दिलं नसेल. पाठ काय, भिंतीला टेकणार, कोण बघतंय. गोणपाट मार म्हणाले असतील."

"आणि त्यानं मारलं नाही." सिल्व्हन कोऱ्या फळ्यांकडे बघत होता. "असलं कपाट घडवायचं आणि पाठीला गोणपाट? मीही मारलं नसतं."

"मग त्यानं घरी सांगितलं का नाही?" आत्या एकदम ओरडली. "आजी त्याला जन्मभर टोचत होती! तो पायरीवर बसून ऐकून घ्यायचा. मी बघितलंय!"

शेवटी एलरिकच बोलला. त्याला बोलायचं नव्हतं, पण धंद्यातल्या माणसाला हे कळत होतं.

"कसं सांगणार? पोरांच्या आडोशाची भिंत मालकाला फुकट दिली, असं? त्यापेक्षा प्यायलो म्हणणं सोपं."

आत्या तिथेच कोळशाच्या पोत्यावर बसली. पांढऱ्या स्कर्टची पर्वा न करता. "प्यायचा तो," ती म्हणाली. "तेही खोटं नाही. पण भिंत नाही प्यायला." मग तिनं डोळे पुसले आणि एलरिकवर बोट रोखलं. "आणि तू रे, झाकली मूठ! उद्या मूठ झाकलीस तर बोटं मोडीन."

सिल्व्हननं फक्त विचारलं, की उद्यासाठी निळ्या टायला इस्त्री कोण करून देईल.

*

शनिवारी मेरिट्स होपच्या व्हरांड्यासमोर दोनशे माणसं जमली होती. लंडनचा व्यापारी पुढच्या रांगेत, पांढरी पँट, मांडीवर यादी. मागे धंद्यातले सगळे. स्कीटांचा जुना प्रतिस्पर्धी बॅब तर पोटावर हात ठेवून लग्नाला आल्यासारखा बसला होता. सिल्व्हन पायरी चढला. चाळीस वर्षांची पत त्याच्या टायच्या गाठीत अडकली होती. लिलाववाल्या गिटन्सला त्यानं हात दाखवून थांबवलं.

"पहिली ओळ खोडा," तो म्हणाला. "इंग्लिश नाही. सतराशे नव्वदही नाही. अठराशे शहाऐंशी, इथेच, याच मळ्यावर घडवलेलं. पाठ पाईनची म्हणून मी जहाजातून आलं म्हणालो. आपल्या सगळ्यांची घरं जहाजातून आणलेल्या पाईनचीच आहेत हे मी विसरलो. चूक माझी. मुलीनं पकडली."

गर्दीत कुजबुज सुरू झाली. "चाळीस वर्षांत पहिली चूक, स्कीट," बॅब मागून ओरडला, "आणि तीही घरच्याच माणसाबद्दल ना रे?" गावात बातमी कशी पोचते ते देव जाणे.

"घरच्याच माणसाबद्दल. माझ्या आजोबाबद्दल," सिल्व्हन म्हणाला.

मिसेस पिल्ग्रिम आपल्या खुर्चीतून उठल्या होत्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "मिस्टर स्कीट, माझी आजी सांगायची, हे जहाजातून ब्रिस्टलहून आलं. आज, लिलावाच्या दिवशी, तुम्ही ते तुमच्या आजोबाचं ठरवता? भाव पाडून कोण घेणार आहे ते?"

हा प्रश्न येणार हे त्याला माहीत होतं. रात्रभर त्यानं यावरच विचार केला होता.

"आम्ही वय ठरवतो तिथे आम्ही बोली लावत नाही, मॅडम. माझ्या बापानं लावली नाही, मी लावली नाही. आजही स्कीटांपैकी कुणाचा हात वर जाणार नाही. कितीही वाटलं तरी."

शेवटचं वाक्य त्यानं कपाटाकडे बघत म्हटलं. लोकांना ते ऐकू गेलं.

लंडनच्या माणसानं यादीची घडी घातली, ती खिशात ठेवली, घड्याळात पाहिलं आणि तो उठला. गिटन्सनं घसा साफ करून नवी ओळ वाचली: "लॉट एक. महॉगनीचं मोठं कपाट. स्थानिक काम, सुमारे..."

"नाव वाच!"

सगळ्यांनी मागे वळून बघितलं. एलरिक बाकावर उभा होता. दहा वर्षांत पहिल्यांदा दारात आलेला असा माणूस त्याच्या डोळ्यांसमोर निघून चालला होता, आणि तो बाकावर उभा राहून ओरडत होता. "स्थानिक काम काय? इंग्लिश असतं तर बनवणाऱ्याचं नाव वाचलं असतंस ना? पूर्ण नाव वाच!"

गिटन्सनं सिल्व्हनकडे बघितलं, मग शब्द सुटा सुटा करून वाचलं. "जोसाया स्कीट. सुतार. मेरिट्स होप."

मागच्या बाकांवरून कुणीही 'भिंत' म्हणालं नाही. एका म्हाताऱ्या माणसानं टोपी काढली, मग दुसऱ्यानं. बोली पाचशेवर सुरू झाली आणि एकवीसशेवर थांबली. कपाट बॅबला गेलं. "पावतीवर ते नाव घाल हं," बॅब गिटन्सला म्हणाला. "जोसाया. बुडवू नकोस. मी नावासाठी दिलेत पैसे." सिल्व्हननं आयुष्यात पहिल्यांदा बॅबकडे बघून टोपी उचलली.

पुढच्या वस्तूचं नाव घ्यायला गिटन्सनं तोंड उघडलं, तेवढ्यात मिसेस पिल्ग्रिमनी हात वर केला.

"थांबा. या यादीत आणखी एकतीस वस्तूंपुढे इंग्लिश लिहिलंय. सगळ्या पुन्हा बघा, मिस्टर स्कीट. आत्ता. तुमच्यामुळे माझं सात हजारांचं नुकसान झालंय, आणखी होईल. होऊ द्या. पण या घरातून काडीसुद्धा खोट्या नावानं गेली असं कुणी म्हणायला नको." बाई पिल्ग्रिम होती. अभिमान तिलाही कमी नव्हता.

सिल्व्हननं खिशातून पेन आणि यादी काढली. मग पेन मार्वाच्या हातात दिलं.

"मी नाही, मॅडम. ही बघेल. मी वस्तू धरीन."

"बाबा, एकतीस वस्तू आहेत!"

"मग उभी काय राहिलीस? सुरुवात कर."

दोनशे माणसं उन्हात थांबली. बाप टेबलं उलटी करत होता, मुलगी त्यांच्याखाली शिरत होती, एलरिक खण ओढून ओढून कोपऱ्यांतले सांधे दाखवत होता आणि जाता येता विचारत होता, "काटा आहे? आहे का काटा?" जेवणाचं टेबल खरंच इंग्लिश निघालं. बाजूचं छोटं टेबल नाही. त्याच्या पायाच्या आत तीन काट्यांचा मासा होता. मार्वानं तो सापडताच अशी आरोळी ठोकली, की हमालांनी टाळ्या वाजवल्या.

मग ती व्हरांड्यातल्या लांब हातांच्या आरामखुर्चीपाशी आली. तेविसावा नंबर. तिच्यात डॉर्कस आत्या बसली होती. रविवारच्या चर्चची जांभळी टोपी, मांडीवर छत्री, पाठ पूर्ण टेकलेली.

"आत्या, ऊठ ना. ही उलटी करायचीय."

"कुणाची आहे?"

"उलटी केल्याशिवाय कसं कळणार?"

"मग सावकाश कळू दे." आत्यानं दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर पसरले. तिचा आजोबा या व्हरांड्यात किती वेळा आला असेल, याचा हिशेब ती सकाळपासून करत होती. प्रत्येक वेळी ओझं ठेवून, टोपी हातात धरून, स्वयंपाकघराच्या दारानं परत. त्याला बस असं कुणी म्हटलं नसणार. "मी बसलेय."

"अगं, सगळे थांबलेत. मिसेस पिल्ग्रिम बघताहेत."

"बघू दे. तिला सांग, ही माझ्या आजोबानं घडवली असली तर मी बसायलाच हवं." आत्यानं आपले दोन्ही पाय उचलून खुर्चीच्या लांब हातांवर ठेवले, मळ्याचा मालक ठेवायचा तसे. "आणि इंग्लिश निघाली तरी मी उठणार नाही."